पॉजवरचं बोट

बॉयलर गळला म्हणून तळघरातले खोके वर काढत होतो,
तर एका बुटांच्या खोक्यात, माझ्या स्कूलबसच्या जुन्या पावत्यांखाली,
सदतीस कॅसेटी.
कडेला माझंच अक्षर, तेव्हाचं, डावीकडे कललेलं:
‘शुक्रवार, रात्री एक ते तीन. हात लावू नये.’

ब्रिजपोर्टला ते स्टेशन धड लागायचं नाही.
न्यूयॉर्कहून पाण्यावरून यायचं ते,
वाऱ्याची मर्जी असेल तर.
अँटेनाला कपड्यांचा हँगर, हँगरला चांदीचा कागद,
आणि हा सगळा डोलारा धरून उभा माझा धाकटा भाऊ, क्लीऑन,
नऊ वर्षांचा, एक पाय रेडिएटरच्या उबेला.
तो हलला की खरखर.
तो थांबला की ड्रम.
आई-बाबा दोघं रात्रपाळीला.

मी बारा वर्षांचा. माझं काम मोठं होतं:
पॉजवर बोट.
गाणं सुरू झालं, बोट वर. डीजे बोलला, बोट खाली.
कॅसेट नव्वद मिनिटांची, पैसे माझे, लोकांच्या दारातला बर्फ उपसून मिळवलेले;
त्यात गालिच्यांच्या दुकानाची जाहिरात कोण भरणार?
हवामान कशाला? कोण कुणाला सलाम धाडतो, मला काय त्याचं?
मला फक्त रॅप हवा होता,
सोललेल्या अंड्यासारखा. टरफल नको.

चर्चमधल्या म्हाताऱ्या प्रुइटकडून टेपरेकॉर्डर मागून आणला.
पट्टा सैल झालाय, त्यामुळे सगळे आवाज
जेवून सुस्तावल्यासारखे येतात.
गाणी आहेत. गाणी काय,
माझ्या मुलीच्या फोनमध्येही आहेत, धुऊन पुसून ठेवलेली.
मी अडतो ते सांध्यांपाशी.
दोन गाण्यांच्या मध्ये, टक् व्हायच्या आधी,
त्या माणसाचा अर्धा श्वास उरलाय.
‘बाहेर पडणार असाल तर—’ टक्.
‘हे खास स्टिलमन स्ट्रीटवरच्या—’ टक्.
कोण होतं त्या रस्त्यावर?
कुणाचा वाढदिवस होता, कोण तुरुंगातून ऐकत होतं,
बाहेर पडलं असतं तर काय झालं असतं?
मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला,
जवळजवळ दोन वर्षं, छत्तीस कॅसेटीभर.

सदतिसावी वेगळी.
त्या रात्री मी तापाने फणफणलो होतो.
अँटेना खिळ्याला बांधली आणि बोट क्लीऑनच्या हवाली केलं.
सकाळी ऐकतो तर एका गाण्यानंतर नुसती बडबड, अकरा मिनिटं.
पाठीत गुद्दा घातला मी त्याच्या. झोपलास ना?
तो काही बोलला नव्हता.

अकरा मिनिटं.
डीजे खोकतो. कुणाला तरी म्हणतो, सूप आणलंस? दार लोटून घे.
गालिच्यांचा सेल, रविवारपर्यंत.
पुलावर ट्रक उलटलाय. पहाटेपर्यंत आठ इंच बर्फ.
मग चिठ्ठ्या वाचतो, अडखळत:
ओडेसाला, तिच्या जुळ्यांकडून.
बेकरीत आत्ता पीठ मळणाऱ्या सगळ्यांना.
लव्हेल, तुझी आई म्हणते, घरी फोन कर.
लव्हेल, ऐकतोयस?
एक चिठ्ठी त्याला लागत नाही. कागद चाळल्याचा आवाज.
‘असू दे. जो कोणी असशील, तुलाही.’

क्लीऑन आता टकोमाला असतो.
फोन लावला, आणि काही न सांगता
स्पीकरपाशी धरला.
पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.
अकरा मिनिटं नुसता श्वास.
मग म्हणाला,
“मी झोपलो नव्हतो रे.
तू दरवेळी त्याला मध्येच तोडायचास.
मला बघायचं होतं, तो वाक्य पुरं कसं करतो.”

त्या गुद्द्याबद्दल काहीतरी बोलावं
म्हणून मी घसा खाकरला, चाळीस वर्षं उशिरा,
तेवढ्यात त्याने विचारलं,
“केला का रे लव्हेलने फोन?”

माहीत नाही, म्हटलं. दुसऱ्या बाजूला असेल कदाचित.
थांब, लावतो.
टेप ढिली पडली होती. पेन्सिल शोधायला उठलो,
ड्रॉवर उघडले, बसमध्येही जाऊन पाहिलं.
परत आलो तेव्हा
त्याने फोन ठेवला नव्हता.