रिपीटर

भिंत साडेचार इंचांची.
अलीकडे माझी मेस, बत्तीस डबे.
पलीकडे नागनाथ बिरादार, रिपीटर बॅच,
गाव वलांडी,
पहिल्या वर्षी दोनशे नव्वद मार्क,
दुसऱ्या वर्षी दोनशे एकोणनव्वद.

तो एक मार्क कुठे गेला, त्याने कधी सांगितलं नाही.
पण त्या जूनपासून
पुस्तकं जिन्याखाली गेली
आणि भिंत वाजू लागली.

गाणं नव्हतं ते. भिंतीतून गाणं येत नाही,
येतो फक्त तळ.
ढप्, ढप्, थांब, ढप्.
पिठाच्या डब्याचं झाकण थरथरायचं,
कणीक मळताना हात त्याच चालीवर पडायचे
आणि मी चिडून मुद्दाम चाल मोडायचे.
तेच चार ठोके, रात्रीत दीडशे वेळा.
एखादा ठोका केसभर मागे सरकवायचा,
की पुन्हा सगळं पहिल्यापासून.
मला वाटायचं, पाठांतरच चाललंय,
विषय तेवढा बदलला.

घरी पत्ता नव्हता.
दर रविवारी त्याच्या आईचा फोन मला:
नागू जेवतो का? अभ्यास करतो का?
दुसऱ्या प्रश्नालाही मी पहिल्याचंच उत्तर द्यायची.
चार पोळ्या खाल्ल्या म्हणायची.

फेब्रुवारीत डबा घेऊन मीच गेले.
खोलीत ना पेटी ना तबला.
एक लॅपटॉप, खाली दोन विटा, गार राहावा म्हणून,
आणि पंचवीस पट्ट्यांचं प्लास्टिकचं खेळणं,
सायकल विकून आणलेलं.
वाजवणारे कुठेत, विचारलं.
मीच सगळे, म्हणाला.
ढोल तो, बासरी तो,
मागे हं हं करणाऱ्या सहा पोरी, त्याही तोच.
एकटा पोरगा एवढी माणसं करतो
म्हणजे किती एकटा असेल, असं मनात आलं,
तेवढ्यात आमटी सांडली
आणि ते विचारायचं राहून गेलं.

अल्बम आला तो बरोबर निकालाच्या दिवशी.
अख्ख्या ट्यूशन एरियात कुठे हलगी, कुठे दार लावून रडणं.
नऊ गाणी, एकतीस मिनिटं. नाव: रिपीटर.
मुखपृष्ठावर हॉल तिकीट, फोटोच्या जागी खाडाखोड.
पहिल्या दिवशी ऐकणारे सव्वीस,
असं त्यानेच मोबाइलवर दाखवलं.
त्यातली चार वेळा मी.

एका पोराचा हेडफोन मागून घेतला, पोळपाट बाजूला सारला,
तर ओळखूच येईना.
वरती केवढं काय काय होतं!
काचेवर नख फिरवल्यासारखे सूर,
कुणीतरी हौदाच्या तळाशी बसून गातंय असा गळा,
आणि तो माझा ढप्,
अकरा महिने माझ्यासोबत जागलेला,
खाली कुठेतरी मांडवाच्या खांबासारखा,
कुणाचं लक्ष नसलेला.
थोडं वाईटच वाटलं. माझं गाणं वेगळं होतं.

मग सातवं.
आधी कुकरची शिट्टी. एक, दोन, तीन.
चौथी त्याने मधेच धरली, ताणली,
ताणत ताणत पार आभाळाला नेली.
मग एक बाई, घसा बसलेली, घाईतली:
आवाज येऊलालाय का
आवाज येऊलालाय का
हॅलो, येऊलालाय का

औशाहून, देगलूरहून, अहमदपूरहून
पालकांचे फोन, आणि स्वयंपाकघरात रेंज नाही.
दिवसातून चाळीसदा हेच ओरडते मी.
भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ असते
हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.
प्रत्येक प्रश्नानंतर त्याने चार ठोके रिकामे सोडलेत.
कुणी उत्तर देत नाही.
बाई पुन्हा विचारते.

रविवारी वलांडीहून फोन.
नागू जेवतो का?
जेवतो.
अन् अभ्यास?

पलीकडे नवीन काहीतरी सुरू झालं होतं,
अजून नुसता तळच.
मी फोन भिंतीला लावला.
बराच वेळ ती गप्प. मग बारीक आवाज,
काय आपटूलालेत ओ ताई तिकडं?

मी फोन काढला नाही.
डाव्या हाताने तसाच धरला.
उजव्याने अर्धी कणीक व्हायची होती.