जे अजून खातात

वफ्राला जुलैत टाकीचं पाणी तेहतीसवर गेलं
आणि चार नंबरमधली बुल्टी गोल फिरायला लागली,
पाळण्यातून उतरलेल्या पोरासारखी,
एका कुशीवर, तोल कुठेच नाही.
मोफिजुल म्हणाला, खेळतेय.
मी डोळा पाहिला.
बटणासारखा बाहेर आलेला, वर दुधाची साय.

आमच्या गोंदियाकडच्या तलावात
मासा आजारी पडलेला मी कधी पाहिला नाही.
पडत असणार. आमच्याआधी
बगळ्याला कळत असणार.
इथे वर हिरवी जाळी, सावलीसाठी.
बगळा नाही.

डॉक्टर नग्वा शहरातून आल्या.
माशाच्या मेंदूतला थेंब काचेवर पसरला,
रंग ओतला, धुतला, मला म्हणाल्या, बघ.
भिंगाखाली जांभळे मणी,
एकामागे एक ओवलेले.
पुस्तकलाच्या गळ्यातली पोत आठवली
आणि मी चटकन डोळा काढून घेतला.

दहा दिवस औषध, खाण्यात कालवून,
वरून तेल चोळून, पाण्यात सुटू नये म्हणून.
मी मूठ फेकतो.
धडधाकट आहेत ते उसळतात, पाण्याला उकळी फुटते.
फिरणारे फिरतच राहतात,
दाणा त्यांच्या तोंडाशेजारून बुडतो.
मग हे औषध कुणासाठी, मी विचारलं.
हातमोजे उलटे काढत त्या म्हणाल्या,
जे अजून खातात त्यांच्यासाठी.
बाकीचे जाळीने काढ, चुना टाकून पूर.

सकाळी एकशे चाळीस. संध्याकाळी नव्वद.
पुठ्ठ्यावर मी पाच-पाचच्या रेघा मारतो.
अबू फहदला फोनवर फक्त आकडा लागतो.

परवा मेलेल्या एकीचा पाठीवरचा काटा
डाव्या हाताच्या बोटात गेला.
धिवराच्या पोराला काटा म्हणजे काय,
चोखला, थुंकलो, कामाला लागलो.
रात्री बोट वांग्यासारखं झालं,
कानात पंप घरघरायला लागला,
पंप तर बंद होता, दुरुस्तीला काढलेला.

मेसमध्ये मोफिजुलने ताट सरकवलं.
भात, पातळ डाळ, तळलेली बुल्टी, एक नंबरची.
एप्रिलमध्ये टेकबहादुर तीन दिवस जेवला नव्हता.
चौथ्या दिवशी खाटेवर
त्याची गादी गुंडाळलेली.
सुपरवायझर दारात उभा, दात कोरत,
ताटं बघत.

मी डावा हात मांडीखाली दाबला
आणि जेवलो.
घास गिळेना तर पाण्याने लोटला.
मग भात मागितला आणखी,
जरा मोठ्यानेच.