श्वास धरा

एकतीस वर्षं मेयोच्या एक्स-रे खोलीत
मी लोकांना तेच सांगत आले :
साखळी काढा, मंगळसूत्र काढा, हुक असेल तर तोही.
हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास घ्या. धरा.
सोडा.

कामठीचे हमाल, इतवारीतले सराफ,
पदराचं टोक दातांत धरलेली कोणाची नवी सून,
काचेवर सगळे सारखेच पांढरे उमटले.
बरगड्या पाहून मला कधी
कोणाचं आडनाव सांगता आलं नाही.

आता सृजा बोरकुटे, वय सव्वीस,
जरीपटक्यात दुसऱ्या मजल्यावर तिची खोली.
म्हणते, मावशी, साडीतले फोटो
तुमच्याकडे असतीलच की.

मे महिना. कूलर बंद,
वाऱ्यानं मागचा कागद फडफडतो म्हणून.
मी साडीची घडी घातली,
काठाला काठ जुळवला, उलगडली, पुन्हा घातली.
चष्मा सगळ्यात शेवटी.

तुम्हाला जमेल तशा उभ्या राहा, ती म्हणाली.
मी भिंतीकडे तोंड केलं
आणि हात आपोआप कमरेवर गेले,
कोपरं पुढे, खांदे पुढे.
चेस्ट, पी.ए. व्ह्यू.
एवढीच एक पोझ येते मला.

ती हसली नाही. म्हणाली, श्वास धरा.
आधी घ्या म्हणायचं असतं, मी म्हटलं.

धरमपेठेत प्रदर्शन. माझी पाठ दाराएवढी.
सकाळी कोणीतरी कुठेतरी फोन केला,
दुपारपर्यंत फोटोपुढे हिरवा पडदा आला,
थेट आमच्या वॉर्डातला,
आणि तो सारायला एक पोट्टा.
मग गर्दी वाढली.

मी निळ्या सुती साडीत बाकावर बसले होते.
कपड्यांत मला कोण ओळखणार?
एक बाई म्हणाली, वय काय, थेर काय.
एका सरांनी वहीत ‘अवकाश’ लिहिलं,
खाली दोन रेघा ओढल्या.

गर्दी पांगल्यावर मीही आत डोकावले.
कण्याला डावीकडे किंचित बाक.
चौथ्या-पाचव्या मणक्यात जागा कमी असणार.
उजव्या खांद्यावर शिशाच्या एप्रननं पाडलेला खळगा.
कमरेभोवती परकराच्या नाडीची काळी रेघ,
नाडी नसतानाही बांधलेली.
रिपोर्टमध्ये लिहावं असं विशेष काही नाही.

बंद करायच्या वेळी
पाण्याचे कॅन पोचवणारा म्हातारा आला,
कानाला दुपट्टा, खांद्यावर कॅन.
पडदा अर्धा उघडाच होता.
तो थांबला. बराच वेळ.

‘इची पाठ दुखत असन बाप्पा,’
कोणालाच नाही, असं म्हणाला.

‘हाव,’ मी बाकावरून म्हटलं, ‘दुखते.’

त्यानं वळून पाहिलं नाही.
कॅन खाली ठेवला
आणि दोन्ही हात कमरेवर टेकून
जरा उभा राहिला.