उजव्या हाताचा नियम

रात्रशाळा वागळे इस्टेटात, सोळा नंबरच्या रस्त्याला.
खाली प्रेसशॉप, वर आमचा दहावीचा वर्ग.
होकायंत्र टेबलावर ठेवलं
की सुई थरथरते, आणि गोदरेजच्या कपाटाकडे तोंड करते.
"उत्तर कुठंय?" मी विचारतो.
"कपाटात, सर," नौशाद म्हणतो.
खरंच आहे. उत्तरपत्रिका तिथंच असतात.
सुईची काय चूक?
जवळचं लोखंड लांबच्या ध्रुवापेक्षा मोठ्यानं बोलतं.

कीस आणायचा तो नौशादनंच.
लेथखालचा, तेलकट वासाचा, चुन्याच्या डबीत भरलेला.
कागदाखाली पट्टीचुंबक, वर चिमूटभर कीस,
कागदाला एक टिचकी,
आणि तो मळका ढीग एकाएकी शहाणा होतो.
या टोकातून निघालेल्या रेषा वळून त्या टोकात शिरतात.
एक दुसरीला छेदत नाही.
"तीन हात नाक्यावर असं का नाही होत, सर?"
मी म्हणतो, छेदल्या असत्या
तर त्या जागी सुईनं एकाच वेळी दोन दिशांना बघितलं असतं.
"आम्ही बघतो की," मागून कुणीतरी.

मग तारेत धारा सोडली. शेजारची सुई हलली.
तारेला सुईनं हात लावला नव्हता, सुईला तारेनं.
मी फळ्याकडे वळलो, रोजच्या सवयीनं बोललो:
"तार उजव्या मुठीत धरलीय असं समजा.
अंगठा धारेकडे. बोटं वळतात तिकडे क्षेत्र."
बावीस मुठी वर आल्या.
तेविसावी मालन घोडविंदेची, डावी.

एकोणीस वर्षं मोटारींची वाइंडिंग भरते ती.
छत्तीस गेजची तार, केसापेक्षा जराशी जाड,
हजार वेढे, एकही न चुकता.
त्याच्या आधी खालच्याच प्रेसवर होती. सहाच महिने.
उजव्या पंजाला चार बोटं आहेत.

अंगठ्याची ती जुनी, गुरूची गोष्ट
माझ्या जिभेवर आली होती. गिळली.
खडू खाली ठेवला. काय करायचं सुचेना.
तीच म्हणाली,
"डाव्यानं धरलं की उलटं येतं, सर.
मग आलेलं उत्तर मी उलटं करते. चालेल?"
चालेल, म्हणालो.
आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

शुक्रवारी वीज गेली. दुरुस्ती, म्हणे, दहापर्यंत.
मोबाइलच्या उजेडात वर्ग पांगायला लागला
तेव्हा तिनं पिशवीतून काढलं:
पाइपाचा वीतभर तुकडा, त्यावर भंगारातल्या तारेचे वेढे,
वेढ्यांच्या दोन टोकांना सिरियलमधला लाल दिवा.
आत जुन्या कॉम्प्युटरमधली चुंबकं, एकावर एक चिकटवलेली.
"उजेड बंद करा."
केला.
तिनं पाइप तसाच धरून ठेवला. अंधार.
चुंबक आत होतं, तार भोवती होती,
हजार वेढे होते, आणि काही नव्हतं.
मग हलवला. खुळखुळ्यासारखा, खाली-वर,
आणि लाल ठिपका मिचकावू लागला.
थांबली, विझला.
हलवला, पेटला.
माझा तासाभराचा धडा होता तो:
चुंबक नुसतं जवळ असून भागत नाही,
बदल लागतो, सतत.
मी बोललो नाही. नौशाद म्हणाला, "मला दे."
पाइप बाकांवरून फिरत राहिला,
वीज आली तरी कुणी दिवा लावला नाही.

पूर्वपरीक्षेत दोन गुणांचा प्रश्न होता:
धारा सरळ वर जाते, वरून पाहता क्षेत्र कसं फिरेल?
मालननं लिहिलं: घड्याळाच्या उलट.
खाली, बारीक अक्षरात:
डाव्या हाताने काढून उलटे केले आहे.
दोन गुण दिले.
तिसरा द्यायला जागा नव्हती.

घरी आलो, दार लावलं,
छत्रीचा दांडा डाव्या मुठीत धरला.
बोटं घड्याळासारखी वळली.
उत्तर उलटं केलं.
बरोबर येतं.