त्यांचा दहा नंबर

तीन आठवडे मी शत्रू आहे.
उतोर्ड्याच्या मैदानावर, पिवळं बिब घालून, त्यांचा दहा नंबर.
त्याच्या चौदा मॅचेस पाहिल्या मी, खोलीचे पडदे ओढून :
चेंडू हवा असला की तो डावा खांदा पाडतो,
नको असला की हात वर करतो, लबाड.

आपली बचावफळी मधल्या रेषेपाशी.
कोच ओरडतात, 'वर! अजून वर!'
आणि सेड्रिक नि लालरुआताच्या मध्ये
एक फट उरते,
आमच्या मानशीच्या कुजक्या फळीला उरते तेवढी.
भरती नेमकी तिथूनच खाजनात शिरते.

मंगळवारी मी शिरलो.
दोनदा.
तिसऱ्यांदा गोलकीपरने हातमोजेच फेकले.
कोच गप्प. पाटीवरचे चुंबक सरकवत बसले
अंधार पडून चुंबक दिसेनासे होईपर्यंत.

बुधवारी फट नव्हती.
सहा वेळा धावलो, सहाही वेळा झेंडा वर.

आज यादी लागली.
सेड्रिक मिठी मारून म्हणाला, 'तुज्याक लागून रे!'
आणि बॅग भरायला पळाला.

बाबांनी फोनवर विचारलं, जागा कुठली दिली?
'मानशीवर,' म्हटलं.
'मग रात्रीची झोप नाही तुला,'
ते म्हणाले.