पाणी मुरतंय

टॉडमॉर्डनच्या वर, जिथं डांबरी रस्ता
मेंढ्यांच्या हवाली होतो,
नोरा ग्रीनहाल्शच्या माळावर मी सळई खुपसते.
एक मीटर साठ. दहा पावलांवर दोन मीटर दहा.
काळं, ओलं, कुजायचं राहून गेलेलं शेवाळ,
वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारं.
माझ्या फॉर्मवर त्याचा दर हेक्टरी आहे.

नोरा सत्तरीची. काखेत थर्मास, पायात वडलांचे गमबूट.
"हा चर बघ," ती म्हणते, "बापानं खणला.
सरकारनं यार्डामागं पैसे दिले त्याला,
माळ कोरडा कर म्हणून.
आता तुम्ही मला देताय
तोच बुजवायला."
चहा ओतते. "मला पोरगी असती
तर तिला पुन्हा उकरायचे मिळाले असते."

मला जतच्या शाळेची भिंत आठवते,
निळ्या ऑइलपेंटमध्ये: पाणी अडवा, पाणी जिरवा.
आमच्याकडं भिंत होती, अक्षरं होती,
पाण्याचं तेवढं बघायचं होतं.
इथं ते इतकं, की गेल्या नाताळात
खाली गावातल्या लोकरीच्या दुकानात
थेट काउंटरवर चढून बसलं.
त्या दुकानाच्या पाणीपट्टीतले काही पेन्स
आता डोंगर चढून वर येतात,
ओढ्याच्या उलट्या वाटेनं, धापा टाकत.

सहीआधी ती तीनदा वाचते.
कार्बनचा रकाना. पुराचा रकाना.
मेंढ्या किती कमी करणार, तो रकाना.
"आणि कर्ल्यू? यंदा एकच जोडी आली.
तिचं काय लावलंय?"
मी पान उलटते.
मागं फक्त बँकेचा तपशील.

आमच्या भाषेत, मी तिला सांगते,
कुठंतरी पाणी मुरतंय म्हटलं
की लोक हिशेबाच्या वह्या काढायला लावतात.
"मग काढा की," ती म्हणते,
आणि माझंच पेन मागून घेते.

दुपारी एक्स्कॅव्हेटर आला, रुंद पट्ट्यांवर, दबकत.
त्यानं ओल्या मातीचा पहिला बांध थापटला.
चरातलं पाणी तिथवर आलं,
थांबलं,
गवताची एक काडी त्यावर गोल फिरत राहिली.
साठ वर्षं धावायची सवय;
एवढ्या लवकर कशी जाईल.

नोरानं ते दोन मिनिटं पाहिलं.
मग मेंढ्या मोजायला गेली.
मार्चपर्यंत सगळ्या तिच्याच आहेत.