डावा खांदा

मोठा कॅमेरा मी विकणार नाही, हे आधीच सांगतो.
सारसाची जोडी धानाच्या बांधीपलीकडे उभी असते,
तीनशे पावलांवर,
आणि आपण एक पाऊल जास्त टाकलं
की लाल टाळकं वर करून चालू लागते.
उडत नाही, नुसती चालते,
पंगतीतून न जेवता उठलेल्या व्याह्यासारखी.
तिच्यासाठी ती लांब नळी हवीच.

पण तलावात उतरायचं म्हणजे
कमरेइतकं पाणी, खाली चिखल,
एका हातात वही,
आणि गळ्यात हे दीड किलोचं धूड
ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं.
मासे मोजायला येतो मी. मरळ, शिंगी, मागूर.
कुठे देवधान उरलंय, कुठे बेशरम माजलाय.
नळी वर केली की ढिवरांच्या बाया
पदर सावरून एका रांगेत उभ्या राहतात,
जाळं तसंच सोडून,
आधार कार्डावरच्या चेहऱ्यानं.
दुर्पता मारबते म्हणाली होती,
"भाऊ, हे तं तोफच आहे.
मासोळी काहाले थांबन?"

म्हणून शनिवारी गोंदियाला गेलो.
टेकराम रहांगडाल्यानं काचेवर दोन ठेवले.
एकाचं नाक बटण दाबलं की बाहेर येतं,
आणखी बाहेर, आणखी,
चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणाला.
मला चंद्राचं काही काम नव्हतं.
दुसरा चष्म्याच्या डब्याएवढा, जुना, कोपरा घासलेला,
झूम नाही,
पण संध्याकाळच्या उजेडात हात न कापता चालेल असा.
"आवाज बंद होते का याचा?"
"होते न."
"उन्हात पडदा दिसते का?"
टेकराम जरा थांबला.
"नाही दिसत," म्हणाला. "अंदाजानं घ्या."
या एका उत्तरावर मी तो घेतला,
सोळा हजार, वर एक चार्जर,
आणि बसमध्ये अर्जुनीपर्यंत
चारदा शर्टाच्या खिशात घातला, चारदा काढला.
खिसा थोडा ओघळला, बस, एवढंच.

रविवारी पहाटे दुर्पताबाई जाळं झटकत होती.
मी फोटो काढत होतो आणि
तिनं बोलणं थांबवलं नाही.
सुनेचं, बचत गटाचं, ठेकेदारानं सोडलेल्या बियाण्याचं,
जाळ्यातून निसटलेल्या एका मरळीला तर
तिनं अशी शिवी दिली
की ती वहीत कुठल्या रकान्यात लिहावी?
मग हात लुगड्याला पुसून म्हणाली, "आणा इकडे."
दिला.
मोठा कधी दिला नव्हता, आठ वर्षांत,
तिनंही कधी मागितला नव्हता.

"याच्यात सारस येते का?"
"येतो. ठिपक्याएवढा."
तिनं तलावाच्या पल्याड पाहिलं, डोळे बारीक करून.
"मंग दिसते तेवढाच आला न."

आणि माझ्याकडे वळून
बटण दाबलं.

त्या फोटोत माझ्या डोक्याचा वरचा भाग नाही.
मागे पाळ, पाळीवर कोणाची तरी सायकल.
गळ्यात मोठा कॅमेरा आहेच
आणि डावा खांदा उजव्यापेक्षा
चांगला दोन बोटं खाली.
मला वाटायचं मी सरळ उभा राहतो.
लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलं घरी येऊन,
तिथं दोन्ही सारखे आहेत.

बाईनं पडदा ओंजळीनं झाकून पाहिला,
हसली,
"वाकडे आले तुमी."
तिला वाटलं, कॅमेऱ्याची चूक.
मी काही बोललो नाही.

आता दोन्ही नेतो.
मोठा आज उजव्या खांद्यावर घेतला,
बांधापर्यंत जाईतो
तो आपोआप डावीकडे आला होता.
लहान्याच्या दोरीला मासळीचा वास लागलाय,
बायको म्हणते धुऊन टाक.
बॅटरी मात्र दुपारपर्यंतच पुरते,
हे टेकरामनं सांगितलं नव्हतं.